जुने काडतूस : झाडावे की जपावे?

‘थ्री नॉट थ्री’ रायफलीच्या काडतुसाचे बूड नीट निरखून पाहिले तर त्यावर बारीक अक्षरे कोरलेली दिसतात. त्यात ‘के एफ’ ही दोन अक्षरे असतील, तर ते काडतूस किर्की फॅक्टरीत, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेले असते. १८६९ साली सुरू झालेल्या या कारखान्याने दोन्ही महायुद्धांच्या काळात ब्रिटिश हिंदी सैन्याला काडतुसे पुरवली. अशी काडतुसे आज ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील शौकिनांच्या कपाटांत सापडतात. लष्करांनी वापरातून काढलेला माल लिलावात विकला गेला आणि हात बदलत बदलत तिथे पोहोचला.

त्या देशांत परवाना असलेल्या नागरिकांना जुन्या लष्करी रायफली बाळगता येतात. ‘ली-एनफिल्ड’ची ऐंशी वर्षांपूर्वीची रायफल आणि तितकीच जुनी काडतुसे एखाद्याच्या घरात शेजारी शेजारी असू शकतात. अशा माणसासमोर एक प्रश्न हमखास उभा राहतो. ही काडतुसे नेमबाजीच्या मैदानावर झाडून संपवावीत की इतिहासाचा ठेवा म्हणून जपून ठेवावीत? वरवर पाहता हा हौसेचा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर रसायनशास्त्र, धातूशास्त्र आणि आरोग्य या तीन दारांवर टकटक केल्याशिवाय मिळत नाही, आणि ते चुकले तर डोळा, बोटे किंवा जीवही जाऊ शकतो.

काडतुसाचे चार भाग

काडतूस म्हणजे नुसती गोळी नव्हे. पितळी पुंगळी, तिच्या तोंडात घट्ट बसवलेली गोळी, पोटात भरलेली दारू आणि बुडाशी असलेली टोपी असे त्याचे चार भाग असतात. चाप ओढला की रायफलीची पिन टोपीवर आदळते. टोपीतले संवेदनशील मिश्रण पेटते, त्याची ज्वाला दारूला लागते. दारू अतिशय वेगाने जळून तिचा वायू होतो आणि त्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर फेकली जाते. पुंगळी क्षणभर फुगून नळीच्या मागच्या भिंतीला चिकटते आणि वायू मागे, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे, येऊ देत नाही.

हे चारही भाग म्हातारे होतात, पण प्रत्येकाचे म्हातारपण वेगळे. त्यामुळे ‘जुने काडतूस चांगले की वाईट’ असा सरसकट निकाल देता येत नाही. वर्षे किती झाली यापेक्षा ती वर्षे कुठे आणि कशी गेली, हे जास्त महत्त्वाचे ठरते.

दारू आतून खंगते

‘थ्री नॉट थ्री’ काडतूस १८८८ च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात आले तेव्हा त्यात जुनी काळी दारू असे. काही वर्षांतच तिची जागा ‘कॉर्डाइट’ने घेतली. फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञांनी १८८९ मध्ये हे मिश्रण तयार केले. सुरुवातीच्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के नायट्रोसेल्युलोज आणि ५ टक्के व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली असे. हे मिश्रण शेवयांसारखे लांब धाग्यांत काढत, म्हणून त्याचे नाव दोरी या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून पडले. भारतात नीलगिरीतील अरुवनकाडू येथे त्याचा कारखाना निघाला.

नायट्रोसेल्युलोज म्हणजे कापूस किंवा लाकडाच्या लगद्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनवलेला पदार्थ. तो कधीच पूर्ण स्थिर नसतो. साध्या तापमानालाही त्याचे रेणू सावकाश तुटत राहतात आणि त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायू सुटतात. या वायूंचे आम्ल होते आणि ते आम्ल उरलेल्या पदार्थाला आणखी वेगाने तोडते. दुधाच्या पातेल्यात विरजणाचा थेंब पडावा आणि सगळे दूध नासत जावे, तसा हा प्रकार. फरक एवढाच, की या नासण्यातून उष्णता निर्माण होते आणि साठा मोठा असेल तर तो आपोआप पेट घेऊ शकतो.

याची किंमत फ्रेंच नौदलाने मोजली. तुलाँ बंदरात १२ मार्च १९०७ रोजी ‘इएना’ आणि २५ सप्टेंबर १९११ रोजी ‘लिबर्ते’ या युद्धनौका स्वतःच्याच दारूकोठारातील स्फोटाने उद्ध्वस्त झाल्या. शेकडो माणसे मेली. कोणताही शत्रू जवळ नव्हता. संशयाची सुई जुन्या झालेल्या नायट्रोसेल्युलोज दारूकडे वळली. त्यानंतर दारूत स्थिरक मिसळण्याकडे अधिक काटेकोर लक्ष दिले जाऊ लागले. डायफिनाइलअमाइनसारखा स्थिरक सुटलेले वायू पकडून ठेवतो आणि साखळी तिथेच तोडतो. कॉर्डाइटमधली पेट्रोलियम जेली मुळात नळीला वंगण मिळावे म्हणून घातली होती, ती उत्तम स्थिरकाचेही काम करते हे नंतर लक्षात आले.

पण स्थिरक हा पगारी राखणदार आहे आणि त्याची शिदोरी मर्यादित आहे. वायू पकडता पकडता तो स्वतः खर्ची पडतो. तो संपला की दारूची घसरण वेगाने होते. तापमान १० अंशांनी वाढले की ही झीज दुप्पट किंवा त्याहून अधिक वेगाने होते. म्हणून स्कॉटलंडमधल्या थंड, कोरड्या तळघरात राहिलेले १९४३ चे काडतूस धडधाकट असू शकते आणि राजस्थानातल्या पत्र्याच्या शेडमध्ये काही उन्हाळे काढलेले त्याच पेटीतले दुसरे काडतूस निकामी. खराब दारूला नाकाला झोंबणारा आंबूस वास येतो, कधी तांबूस वाफ किंवा पूड दिसते. गोळी आणि पुंगळीच्या सांध्यावर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर आम्ल आतून पितळ खात आहे, असे समजावे. असे काडतूस झाडण्याच्याही कामाचे नाही आणि कपाटात ठेवण्याच्याही.

पागेतले पितळ

पुंगळीच्या म्हातारपणाची गोष्ट थेट हिंदुस्थानातली आहे. पावसाळ्यात लष्करी मोहिमा थंडावत, तेव्हा ब्रिटिश फौजा काडतुसे घोड्यांच्या पागेत ठेवत. पाऊस ओसरल्यावर पेट्या उघडल्या की अनेक पुंगळ्यांना गोळीजवळच्या तोंडाशी चिरा गेलेल्या दिसत. कोणी त्या वापरल्या नव्हत्या, आपटल्याही नव्हत्या. ऋतूनुसार पडणाऱ्या या चिरांचे कोडे बरीच वर्षे सुटले नाही.

१९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळातल्या तांब्यावर हल्ला करत होता. पुंगळी थंड अवस्थेत दाबून, ओढून घडवलेली असल्याने तिच्या धातूत ताण कोंडून राहिलेला असतो. ताण आणि अमोनिया एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सीमेवरून फाटते. उपाय सोपा निघाला. पुंगळीचे तोंड तापवून सावकाश थंड होऊ दिले की ताण निघून जातो. लष्करी काडतुसांच्या मानेवर जो निळसर-तपकिरी डाग दिसतो, तो याच तापवण्याची खूण असतो. तो मळ समजून घासून काढू नये.

इथे घराघरांतल्या एका सवयीबद्दल सावध करायला हवे. पितळ काळवंडलेले दिसले की आपला हात चिंच-मिठाकडे किंवा पॉलिशच्या डबीकडे जातो. अमोनिया असलेले पॉलिश पुंगळीला चिरा पाडू शकते. संग्राहकाच्या दृष्टीने तर घासलेले काडतूस म्हणजे पुसट झालेला शिलालेख. जिवंत काडतूस घासणे, त्यावर ठोकणे किंवा त्यातली गोळी पकडीने उपसण्याचा प्रयत्न करणे हा निव्वळ जिवाशी खेळ आहे.

टोपीतले मीठ

जुन्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाले की मागे पोटॅशियम क्लोराइड उरते. हा मिठाचाच भाऊबंद. तो नळीच्या आतल्या पृष्ठभागावर बसतो, हवेतले पाणी ओढून घेतो आणि पोलाद गंजवू लागतो. कोकणातल्या घराच्या खिडकीचे गज समुद्राच्या वाऱ्याने कसे खाल्ले जातात, हे ज्याने पाहिले आहे त्याला नळीत काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. नुसत्या तेलाने हे मीठ निघत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून जुने ब्रिटिश सैनिक गोळीबार झाल्यावर नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतत, ती पुसून कोरडी करत आणि मगच तेल लावत.

काही जुन्या टोप्यांमध्ये मर्क्युरी फल्मिनेटही असे. त्यातला पारा पितळात मुरतो आणि पुंगळी ठिसूळ करतो. शिवाय उष्ण हवेत फल्मिनेट स्वतःच निकामी होत जाते. अमेरिकी सैन्याच्या ‘थर्टी-ओ-सिक्स’ काडतुसांत गंज आणणाऱ्या टोप्या १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वापरात होत्या, तर त्याच सैन्याच्या छोट्या कार्बाइनची काडतुसे दुसऱ्या महायुद्धातही गंज न आणणाऱ्या टोपीची होती. एकाच युद्धातली, एकाच देशाची दोन काडतुसे, पण स्वभाव निराळे. म्हणून झाडण्याचा विचार करणाऱ्याचे पहिले काम बूड वाचण्याचे असते. कारखान्याची अक्षरे, वर्ष आणि प्रकार यांवरून पुष्कळ कळते. ‘थ्री नॉट थ्री’च्या बुडावर ‘७’ या रोमन आकड्यापुढे ‘झेड’ असेल तर आत कॉर्डाइट नाही, नायट्रोसेल्युलोजची दारू आहे.

चाप ओढला, पण आवाज नाही

म्हातारे काडतूस तीन प्रकारे दगा देते. पहिला प्रकार म्हणजे ते पेटतच नाही. दुसरा, ते उशिरा पेटते. चाप ओढल्यावर नुसता ‘खट्’ आवाज येतो आणि काही क्षणांनी बार उडतो. त्या मधल्या वेळेत नेमबाजाने गडबडीने रायफल उघडली, तर काडतूस नळीच्या आधाराशिवाय फुटते आणि पितळाचे तुकडे चेहऱ्यावर येतात. म्हणून आवाज आला नाही तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान अर्धा ते एक मिनिट थांबण्याची शिस्त मैदानावर पाळली जाते.

तिसरा प्रकार सर्वांत घातक. दारू कमजोर झालेली असते, बार फुसका उडतो आणि गोळी नळीतच अडकते. नेमबाजाने ते न ओळखता पुढची गोळी झाडली की वायूला वाट उरत नाही आणि नळी फाटते. आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा हलका वाटला तर तिथेच थांबून, रायफल रिकामी करून नळी आरपार तपासणे हाच मार्ग. जुन्या पेटीतले एखादे काडतूस असे निघाले तर उरलेली पेटी झाडण्याच्या यादीतून बाद करावी, असा जाणत्यांचा दंडक आहे.

शरीराचा हिशेब

दगा न देणारे काडतूसही शरीराकडून काहीतरी वसूल करते. गोळीत शिसे असते आणि अनेक टोप्यांमध्येही शिशाचे संयुग असते. बार उडताना त्याची सूक्ष्म धूळ हवेत मिसळते. बंदिस्त मैदानावर ती श्वासातून आत जाते, हातांवरून अन्नात जाते आणि कपड्यांवरून घरी पोहोचते. रक्तातले शिसे महिनाभरात निम्म्यावर येते, पण हाडांत गेलेले शिसे अनेक वर्षे तिथेच मुक्काम करते. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये मुलांसाठी दक्षतेची पातळी दर डेसीलिटर रक्तामागे ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. जुन्या गोळ्यांवर शिसे उघडे पडले असेल तर पांढरी भुकटी धरते. तीही शिशाचीच. हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि पोरांच्या हाती न देणे, एवढे तरी पाळायलाच हवे.

कानांचेही तसेच. रायफलीचा बार साधारण १५० ते १६५ डेसिबलचा असतो. अचानक होणाऱ्या आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात. म्हणजे कान झाकले नसतील तर एकाच बाराने कायमचे नुकसान होऊ शकते. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

कॉर्डाइटमधल्या नायट्रोग्लिसरीनची कथा आणखी विलक्षण आहे. ते कातडीतून शरीरात शिरते आणि रक्तवाहिन्या सैल करते. स्फोटकांच्या कारखान्यातल्या कामगारांचे सुरुवातीला डोके भयंकर ठणके. मग शरीराला सवय होई. सुटीच्या दिवशी सवय मोडे आणि कामावर परतल्यावर पुन्हा डोके उठे. काहींच्या छातीत मात्र सुटीच्याच काळात कळा येत. याच गुणामुळे डॉक्टरांनी ते हृदयविकारावर वापरायला सुरुवात केली. डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल यालाही अखेरच्या काळात डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच सुचवले होते. शरीरात त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होते. रक्ताभिसरणातील या वायूच्या कामगिरीवरील संशोधनाला १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी याच कुटुंबातली. नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या उन्हात, उष्णतेत किंवा उघड्यावर राहिल्या तर त्यांचा जोर कमी होतो, म्हणून त्या गडद काचेच्या बंद बाटलीत ठेवतात. काडतूस असो की औषध, नीट साठवले नाही तर नेमक्या वेळी दोन्ही फसवतात.

मग जपायचे काय?

जपण्याच्या बाजूचा युक्तिवाद साधा आहे. झाडलेले काडतूस परत येत नाही. १९४० च्या दशकातला साठा वाढणार नाही, फक्त घटणार. पण प्रत्येक जुनी वस्तू दुर्मीळ नसते. लाखोंनी बनलेल्या वर्षाची, पेटीतून सुटी झालेली, अक्षरे सामान्य असलेली काडतुसे इतिहासात नवी भर घालत नाहीत. उलट मूळ कागदी पुडके, त्यावरची गट क्रमांकाची चिठ्ठी, कापडी पट्टा, लाकडी पेटी हे सारे एकत्र असेल तर त्याचे मोल सुट्या काडतुसांच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक असते. कोणत्या कारखान्याने, कोणत्या वर्षी, कोणत्या गटात माल बनवला आणि तो कुठवर पोहोचला, हे त्यातून वाचता येते. काडतुसांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटना नेमकी हीच माहिती गोळा करतात.

म्हणून ज्या देशांत कायदा मुभा देतो, तिथले अनुभवी लोक मधला मार्ग काढतात. प्रत्येक प्रकारातले एखादे पुडके न फोडता ठेवायचे. सामान्य आणि सुस्थितीतला माल, नीट तपासून, रायफल साफ करण्याची तयारी ठेवून झाडायचा. गंजलेला, चिरलेला, वास येणारा, ओळख न पटणारा माल झाडायचाही नाही आणि ठेवायचाही नाही. तो अधिकृत यंत्रणेकडे नाश करण्यासाठी द्यायचा. संग्रहालयांसाठी तर तज्ज्ञाकडून निकामी करून घेतलेले, आत दारू आणि जिवंत टोपी नसलेले काडतूसच योग्य. इतिहास बुडावरच्या अक्षरांत असतो आणि ती अक्षरे दारू काढल्यावरही तशीच राहतात.

आपल्याकडे हा प्रश्नच नाही

भारतात मात्र निवड करण्याचा अधिकार नागरिकाला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय एकही जिवंत काडतूस बाळगता येत नाही. ते आजोबांचे आहे, शंभर वर्षांपूर्वीचे आहे किंवा नुसते शोभेला ठेवले आहे, ही सबब पुरत नाही. विमानतळावर बॅगेत एखादे काडतूस सापडल्याने प्रवाशावर गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. कित्येकदा ते तिथे आहे हे त्या प्रवाशाच्या ध्यानातही नसते.

महाराष्ट्रात हा विषय परका नाही. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे फौजेत गेली. दोन्ही महायुद्धांतून परतलेल्यांच्या पेट्या आजही माळ्यांवर आहेत. घर पाडताना, विहीर उपसताना, जुनी ट्रंक उघडताना काहीतरी हाती लागणे अशक्य नाही. जुन्या दारूगोळ्याचे काम प्रशिक्षित यंत्रणेलाही किती जोखमीचे असते, हे वर्धा जिल्ह्यातील पुलगावने दाखवून दिले आहे. तिथे २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करण्याच्या कामादरम्यान झालेल्या स्फोटात ६ जणांचा मृत्यू झाला. लष्करे आपल्या साठ्यातले नमुने ठरावीक काळाने तपासतात आणि मुदत संपलेला माल बाहेर काढतात, ते उगाच नव्हे. घरातल्या माळ्यावरच्या काडतुसाची अशी तपासणी कोणीच केलेली नसते.

म्हणून असे काही सापडले तर पाच गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हात लावू नये आणि हलवू नये. घासू, धुऊ किंवा उघडू नये. मुलांना दूर ठेवावे. भंगारवाल्याला देऊ नये, चुलीत किंवा कचऱ्यात टाकू नये. आणि ११२ क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे. ते उचलून स्वतः ठाण्यात घेऊन जाण्याचा आगाऊपणाही नको, पोलिसांनाच बोलवावे. आजोबांची आठवण जपायची असेल तर त्यांचे पदक, सेवापुस्तिका, पत्रे आणि गणवेशातला फोटो आहे. बूड वाचण्याची उत्सुकता असेल तर सुरक्षित अंतरावरून फोटो काढावा. ‘के एफ’ ही अक्षरे दिसली, तर ते काडतूस कुठे बनले हे घरच्यांना सांगता येईल. त्याचे पुढे काय करायचे, हे मात्र तज्ज्ञांवरच सोडावे.